गडगडाटाचा नियम

२२ मार्च १९९३, सोमवार

आज पाच चर्चच्या पाच पाळकांनी मिळून माझ्या गळ्यात घंटा बांधली. यंदा सॉफ्टबॉल लीगचा प्रमुख मी. मीच का, असं विचारलं तर आमच्या बॅप्टिस्ट चर्चचे पाळक ब्रदर ओरविल म्हणाले, "हॉलिस, तू सगळ्यांच्याच घरच्या टाक्या उपसतोस. तुझ्याशी वैर धरणं गावात कुणालाच परवडत नाही."

खोटं नाही ते. दुसऱ्याच्या ट्रकवर नळी धरायला लागलो तेव्हा मला कुणी शेजारी बसवून घेत नसे. आज सेप्टिक टँक उपसणारे तीन ट्रक माझ्या नावावर आहेत आणि तिन्हींच्या पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलंय : तुमचं ते आमचं. पायनी फोर्कमध्ये कुणाकडे किती पाहुणे आले, कोण आजारी, कोण चोरून पितो, हे मला पाळकांच्या आधी कळतं. शिवाय देवाने कान दिलेत. पंपाच्या नुसत्या आवाजावरून मी सांगतो, तुंबलंय कुठे. माणसाच्या बोलण्यावरूनही बऱ्याचदा सांगतो.

वही लिहायचं कारण एकच : बॉइड टॅकेट. मेथडिस्टांचा कप्तान. आज बोललेलं उद्या नाकबूल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात असेंब्ली चर्चवाल्यांनी खेळायला कॉलेजातला एक रेड्यासारखा पोरगा आणून उभा केला. त्याने चेंडू थेट दफनभूमीत मारला तेव्हा टॅकेट मैदानात शिरला आणि म्हणाला, "पोरा, प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव, मग पळ." त्याला दुसरी ओळ येईना. पुढे जे झालं त्यात अंपायरचा दात गेला, आणि तो बिचारा प्रेस्बिटेरियन, त्याचा कुणाशीच संबंध नव्हता.

तेव्हा यंदा नवे नियम. तेही मीच लिहायचे.

२९ मार्च, सोमवार

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बैठक. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, बर्फ घातलेला गोड चहा. पोट भरलं की माणसं नियम लवकर मान्य करतात, म्हणून आधी जेवण ठेवलं. तरी वाद झालाच.

शिवी दिली तर बाद, यावर एकमत. मैदानावर तंबाखू नाही, यावर टॅकेट तोंडातली तंबाखू न काढताच हो म्हणाला. प्रत्येक संघाच्या निदान तीन बायका मैदानात हव्यात, नाहीतर सामना हरल्यात जमा. महिन्यातून दोन रविवार चर्चला आलेला असेल तोच खेळेल. खेळाडू चर्चचा रीतसर सदस्य हवा, आणि बाहेरगावचा असेल तर प्रमुखाने त्याची जुन्या चर्चकडे चौकशी करायची. हा नियम त्या रेड्यासाठी. आणि सामन्याआधी दोन्ही संघांनी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, वर्तुळाभोवती हातात हात धरून प्रार्थना करायची. बघ्यांपैकी ज्याला यायचं त्याने यावं, कुणाला नाही म्हणायचं नाही. ही ब्रदर ओरविलची भर.

मग विजेचा विषय निघाला. दोन उन्हाळ्यांमागे कुंपणाच्या खांबावर वीज पडली आणि पहिल्या बेसवर उभा असलेला आमच्या संघातला व्हेस्टर उताणा पडला. वाचला, पण अजून बोलताना अडखळतो. म्हणून नियम : गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे आपापल्या गाड्यांत, अर्धा तास बाहेर पाय ठेवायचा नाही.

टॅकेट म्हणाला, "ऐकू आला म्हणजे कुणाला? हरत असलो की मला तर रोजच येईल."

हॉलभर हसू.

"हॉलिसला," व्हेस्टर हळूच म्हणाला. "हॉलिसला ऐकू आला की आला."

आश्चर्य म्हणजे टॅकेटने मान डोलावली. "बरं. याचे कान तेवढे प्रामाणिक आहेत, बाकीच्याचं मी काही सांगत नाही."

नियम लिहून काढला : गडगडाट झाला की नाही ते प्रमुख ठरवील. त्यावर वाद नाही.

८ एप्रिल, गुरुवार

पिचर मिळाली. आणि ती माझ्याच ऑफिसात बसलेली.

लेटा हिवाळ्यापासून माझ्याकडे फोन घेते. आर्डिथने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला आणलं. कपडे धुवायच्या दुकानात भेटली म्हणे. ऑफिसच्या मागच्या खोलीत राहते. तिशीची असेल. कामाला चोख, बोलायला कमी. एकदोन खोडी आहेत. टेबल फिरवून दाराकडे तोंड करून बसली, त्यामुळे ऊन डोळ्यांवर येतं तरी हलत नाही. फोन वाजला की आधी जरा वाजू देते आणि स्वतःचं नाव सांगत नाही, नुसतं "बर्केट सेप्टिक". आणि तिच्याशी बोलायला लागलं की कोंबडीसारखी मान वळवून बघते. मी एकदा म्हटलं, "लेटा, मी काय दाणे टाकतोय?" तर हसली नाही.

आज दुपारी अंगणात मुलं चेंडू खेळत होती. चेंडू हिच्या पायाशी आला. हिने उचलला आणि खालून हात फिरवून असा सोडला की तो वर, वर गेला, थांबल्यासारखा झाला आणि बादलीत पडला. बादलीत.

"पुन्हा टाक," मी म्हणालो.

पुन्हा बादलीत.

"मिस्टर हॉलिस, मी खेळत नाही आता."

"आता नाही म्हणजे पूर्वी खेळायचीस."

तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "हे बघ, तीन बायका लागतात. एक आर्डिथ, तिचा गुडघा धड नाही. दुसरी सिस्टर विडा, ती चेंडू आला की डोळे मिटून घेते. तू नाही आलीस तर बॅप्टिस्ट लोकांची लाज जाईल."

"बघते," म्हणाली. घरी आर्डिथ माझ्यावर चिडली. "तिला चारचौघांत कशाला ओढतोस?" मी म्हटलं, लाजाळू माणसाला मोकळं करायला खेळासारखं औषध नाही. ती काहीतरी बोलणार होती, बोलली नाही.

२० एप्रिल, मंगळवार

लेटा येते सरावाला. ईस्टरच्या दिवशी सभेपुढे उभी राहिली आणि नुसत्या कबुलीवर सदस्य झाली. आमच्यात तसंही चालतं. जुन्या चर्चने शब्द दिला तर उत्तमच, नाहीतर माणसाने स्वतः उभं राहून श्रद्धा सांगायची. ब्रदर ओरविलनी विचारलं, "आधी कुठल्या चर्चमध्ये होतीस?" ती म्हणाली, "आता नाही राहिलं ते." जळालं असेल बिचाऱ्यांचं.

आज पेपरवाला संघाचा फोटो काढायला आला होता. नेमकं बटण दाबताना लेटा बुटाची नाडी बांधायला वाकली. परत काढला, परत वाकली. व्हेस्टर म्हणाला, "त-तिला नवे बूट घेऊन द्या रे कुणीतरी." फोटोत तिची टाळू तेवढी येणार.

पण चेंडू टाकायला लागली की निराळीच बाई दिसते. खांदे सैल सुटतात. आज व्हेस्टर चेंडूवर बॅट फिरवून स्वतःच गरागरा फिरला तेव्हा मोठ्याने हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. आर्डिथ कुंपणाशी उभी होती, तिने डोळे पुसले. बायकांचं मला कळत नाही.

३ मे, सोमवार

पहिला सामना. असेंब्लीला धुतलं. लेटापुढे त्यांचे पैलवान हवेत बॅट हाणत राहिले.

नंतर टॅकेट माझ्या ट्रकला टेकून उभा. "हॉलिस, तुझी पिचर कोण रे?"

"माझ्या ऑफिसातली लेटा."

"ते पाहिलं. आली कुठून? असा हात रविवारच्या सहलीत तयार होत नाही. तिच्या जुन्या चर्चला विचारलंस?"

"कबुलीवर घेतलंय तिला सभेने."

"सभेने घेतलं, लीगने नाही. पाचवा नियम कुणी लिहिला? का तो असेंब्लीसाठीच आहे, आणि बॅप्टिस्टांच्या पोरी आभाळातून पडतात?"

मी हसण्यावारी नेलं, पण झोंबलं. स्वतःच्या नियमाला स्वतःच्याच संघासाठी भोक पाडलं तर उद्या माझं कोण ऐकेल?

६ मे, गुरुवार

लेटाला सरळ विचारलं : जुनं चर्च कुठलं? म्हणाली, "लांब आहे, मिस्टर हॉलिस. त्यांना त्रास नको." चेहरा असा केला की मीच विषय बदलला.

पण देवाने कान दिलेत. संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला होती. मी ओसरीवर, त्या दोघी आत भांडी विसळत होत्या. लेटा सांगत होती, लहानपणी त्यांच्या माउंट गिलियड चर्चची घंटा तडकली होती, रविवारी वाजली की कुणीतरी तवा बडवतंय असं वाटायचं, कुत्री भुंकायची. आणि बोलताना शब्दाचं शेपूट ओढायची ती लकब टेक्सासच्या पूर्वेकडचीच, माझ्याकडे तिकडचा एक ड्रायव्हर होता. झालं. बॅप्टिस्टांच्या यादीत माउंट गिलियड नावाची चर्चं पुष्कळ, पण त्या बाजूला एकच.

टॅकेटचं तोंड बंद करायला आता एक फोन पुरे. लेटालाही कळू देणार नाही. सगळं रीतसर झालं की तिलाच सांगेन, घे, तुझ्या माणसांनी तुझ्याबद्दल चांगला शब्द दिलाय. खूश होईल.

७ मे, शुक्रवार

फोन केला. फोनवर त्यांच्या ऑफिसातली बाई होती, गोड आवाजाची. मी लेटाचं नाव घेतलं तर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अहो, लेटा सापडली? देव पावला. आम्ही दर बुधवारी तिच्यासाठी प्रार्थना करतोय. सगळ्या बायका. तिचा नवरा तर बिचारा अर्धा झालाय. रॉस, आमच्या चर्चमध्ये गाणी तोच म्हणवून घेतो. कुठे आहे ती?"

नवरा. हे मला नवीन होतं. तरी मी सांगितलं, इथे पायनी फोर्कमध्ये, माझ्याच ऑफिसात, सुखरूप आहे आणि काय सुंदर पिचिंग करते. ती म्हणाली, आत्ताच सगळ्यांना कळवते. त्यांचं फोनचं जाळं आमच्यासारखंच असणार : एकीने दोघींना कळवायचं, दोघींनी चौघींना. संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

फोन ठेवल्यावर जरा बेचैन वाटलं. नवरा आहे तर बोलली का नाही? भांडण झालं असेल. आर्डिथही एकदा बहिणीकडे निघून गेली होती, माझ्या बुटांवरून. आर्डिथला सांगावं म्हणतो, पण ती म्हणेल, नसत्या ठिकाणी नाक खुपसतोस. नीट वेळ बघून सांगेन.

१२ मे, बुधवार

लेटा बँकेत गेली होती, म्हणून फोन मी घेतला. एक माणूस. अतिशय सभ्य. टाकीबद्दल नाही, सामन्यांबद्दल विचारत होता. कुठल्या दिवशी, कुठलं मैदान, बाहेरच्या माणसाला बघायला येता येईल का. मी म्हटलं, बघायला काय, प्रार्थनेला वर्तुळात या, आमचा नियमच आहे, कुणाला नाही म्हणायचं नाही. त्याला फार बरं वाटलं.

"तुमची पिचर बाई आहे असं ऐकलं."

"अशीतशी नाही. येऊन बघा."

"येतो ना," तो म्हणाला.

एक लक्षात राहिलं. प्रत्येक वाक्याआधी तो जिभेने दातामागे बारीक आवाज करायचा. टक्. गुरांच्या कुंपणात वीज सोडली की तार करते तसा. दातात काही अडकलं असेल.

१८ मे, मंगळवार

दोनतीन दिवस झाले, फोन येतात आणि कुणी बोलत नाही. लेटाने आज फोन खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसली. मी म्हटलं, "पोरं चेष्टा करतात."

"मिस्टर हॉलिस, सोमवारी मी नाही खेळले तर चालेल?"

"सोमवारी मेथडिस्ट आहेत, लेटा. तू नसलीस तर बायका दोनच, न खेळताच हरलो. आणि टॅकेट पुढची दहा वर्षं तेच उगाळत बसेल."

ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही असाल ना तिथे?"

"प्रमुखच आहे मी. जातो कुठे?"

ठीक आहे म्हणाली. मला मात्र काहीतरी खटकतंय. का ते सांगता येत नाही. पंप चालू आहे, पाणी खेचतोय, पण आवाज बरोबर नाही, असं वाटतंय.

२४ मे, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

आभाळ स्वच्छ. बोटभर ढगही नाही. मी कामावरून थेट ट्रक घेऊन गेलो आणि तो मैदानामागे लावला. दोन्ही संघ वर्तुळात उभे राहिले, बघेही आले. प्रार्थना माझ्याकडे होती. डावीकडे व्हेस्टर, उजवीकडे आर्डिथ, समोरच्या बाजूला लेटा. डोळे मिटले. सुरुवात केली : हे पित्या, आजच्या दिवसाबद्दल आणि या संगतीबद्दल.

कुणीतरी उशिरा येऊन वर्तुळात शिरलं. गवतावर बुटांचा आवाज, मग हात सोडून पुन्हा धरल्याची हालचाल. आमचा नियमच आहे, येणाऱ्याला जागा द्यायची.

मी म्हणत होतो, आम्हांला इजेपासून राख. आणि ऐकलं.

टक्.

मग अगदी हळू, गाणाऱ्याचा आवाज : "आमेन."

मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. लेटाच्या शेजारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, उंच, देखणा माणूस. त्याने तिचा हात धरला होता तो इतरांसारखा नाही. अंगठा तिच्या मनगटाच्या हाडावर होता आणि भोवतालची कातडी पांढरी पडली होती. लेटा ओरडत नव्हती, ओढतही नव्हती. तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा होता, आणि ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी डोळे मिटून संगतीबद्दल आभार मानत होतो.

सगळं एकदम कळलं. दाराकडे तोंड केलेलं टेबल, बुटाची नाडी, तो फोन. माझा फोन.

मी म्हणालो, "गडगडाट."

सगळ्यांनी डोळे उघडून वर बघितलं. निळं आभाळ.

"मला गडगडाट ऐकू आला. नियम आहे. सगळे गाड्यांत. लगेच."

कुणी हललं नाही. तो माणूस हसला. "मला तर काही ऐकू आलं नाही."

टॅकेटने आभाळाकडे बघितलं, तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, मग त्या पांढऱ्या पडलेल्या मनगटाकडे. त्याने तंबाखू थुंकली.

"ऐकायला कान लागतात, पाहुणे," तो म्हणाला. "मी ऐकला. चांगला मोठा होता. चला रे मेथडिस्ट, नियम म्हणजे नियम." आणि आपलं अडीचशे पौंडांचं धूड घेऊन तो त्या दोघांच्या मधोमध असा चालत गेला की हात सुटण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तुमची गाडी कुठली, पाहुणे? ती निळी? चला, सोडतो. वीज काय, पाहुणा आहे म्हणून बघत नाही." सगळे मेथडिस्ट त्याच्या मागोमाग. निळ्या गाडीच्या पुढे एक गाडी, मागे एक, आणि सगळे आत बसून अर्धा तास घामाघूम.

आर्डिथने लेटाला केव्हा उचललं मी बघितलंही नाही. मला माझ्या ट्रकचा आवाज आला, तिसऱ्या गिअरला जरा कुरकुरतो तो. आर्डिथ तो माझ्यापेक्षा बरा चालवते.

ती उशिरा परत आली. एकटी. कुठे सोडलं ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. सांगून झालंय माझं बरंच.

२५ मे, मंगळवार

आर्डिथ आज बोलली. कपडे धुवायच्या दुकानात लेटा भेटली तेव्हा धुवायला आणलेला एकच ब्लाउज होता, आणि त्यावरचं रक्त निघत नव्हतं. शब्द घेतला होता, कुणाला सांगायचं नाही. "तुलाही नाही, हॉलिस. तुला तर मुळीच नाही. तुझ्या पोटात टाकीभर राहतं, पण गोष्ट राहत नाही."

मग म्हणाली, "तिचा डावा कान गेलाय. त्याच्या हाताने. तुला कळलं नव्हतं?"

मान वळवून बघायची. मी दाण्यांची थट्टा केली होती. रोज आठ तास माझ्यासमोर, फोन नेहमी उजव्या कानाला. आणि मी गावभर कानांची फुशारकी मारत हिंडतो.

३० मे, रविवार

तो गेला नाही. हायवेवरच्या मोटेलात उतरलाय. आज चर्चला आला, तिसऱ्या बाकावर बसला, आणि गायला. आवाज असा की सिस्टर विडाने मागे वळून बघितलं. नंतर दारात प्रत्येकाशी हात मिळवत उभा. "मी रॉस. लेटाचा नवरा. ती जरा आजारी आहे, मनाने. मी तिला घरी न्यायला आलोय." बायका त्याला डबे देताहेत.

शेरीफचा एक माणूस मेथडिस्टांकडून खेळतो. त्याला विचारलं. म्हणाला, "हॉलिस, बायको शोधू नये असा कायदा नाही. त्याने इथे काय केलंय? गाणी म्हटली."

ब्रदर ओरविलना आर्डिथने आणि मी सगळं सांगितलं. डोळे मिटून ते म्हणाले, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. आर्डिथ उठून बाहेर गेली.

६ जून, रविवार

दुसरा रविवार. पुन्हा आला. दुपारी माझ्या ओसरीवर, टोपी हातात.

"ब्रदर हॉलिस, दोन रविवार झाले. माझ्या चर्चला तुम्ही फोन करालच, नंबर तुमच्याकडे आहे. मला संघात घ्या. तुमच्याकडे एक खेळाडू कमी आहे."

टक्. प्रत्येक वाक्याआधी.

नियमात सगळं बसतं. तो रेडा आत येऊ नये म्हणून घातलेली एकेक फळी, आणि हा त्याच फळ्यांवरून चालत आला. मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "घाई नाही. मी इथेच आहे." जाताना माझ्या ट्रकपाशी थांबला. पाठीवरची अक्षरं वाचली. हसला. मग वाकून चाकांकडे बघितलं, चाकांत अडकलेल्या लाल मातीकडे. इथली माती काळी आहे.

तो गेल्यावर ट्रक धुतला. उशीर झाला होता, तरी धुतला.

टॅकेटला फोन केला. तो म्हणाला, "लीग बंद कर."

"तू म्हणतोस हे? यंदा तुमचा संघ पहिला आहे."

"कर म्हणतो ना." मग जरा थांबून, "आर्डिथला एकटी सोडू नकोस."

९ जून, बुधवार

आज लीग बंद केल्याचं कळवलं. कारण दिलं नाही. संध्याकाळी बुधवारची प्रार्थना. जायचं नव्हतं, पण आम्ही नाही गेलो तर लोक विचारतील, का नाही आले, आणि तोही विचार करील, का.

ब्रदर ओरविलनी विनंत्या विचारल्या. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा सैन्यातला मुलगा. मग तो उठला. बायको सुखरूप सापडावी, एवढंच मागणं. बोलता बोलता डोळे टिपले त्याने. सिस्टर विडाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भोळेपणाने म्हणाली, "आपण सगळ्यांनीच आठवून बघू या ना. आर्डिथ, त्या संध्याकाळी तुमचा ट्रक मी वरच्या रस्त्याला बघितला, माझ्या बहिणीच्या गावाच्या अलीकडे. तुला वाटेत दिसली का गं ती?"

"टाकी फुटली होती एकाची," आर्डिथ म्हणाली.

"अंधार पडता पडता? देवा. आणि तू एकटीच?"

"एकटीच."

ब्रदर ओरविल म्हणाले, हात धरू या. सगळे गोल उभे राहिले, आणि तो वर्तुळ ओलांडून माझ्या शेजारी आला. हात कोरडा, उबदार. अंगठा माझ्या मनगटाच्या हाडावर येऊन बसला. दाबला नाही. नुसता ठेवला.

सगळं चर्च, माझी माणसं, ज्यांच्या घरचं बरंवाईट मी उचलत आलो ती सगळी, खाली माना घालून मनापासून मागत होती, देवा, हिला हिच्या नवऱ्याला सापडू दे. मी एकटा उलटं मागत होतो. देव कुणाचं ऐकतो, मोजून की कसं, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. आजही उघडे ठेवले आणि शेजारी बघितलं. त्याचेही उघडेच होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. समोर आर्डिथ उभी होती, डोळे घट्ट मिटून, ओठ हलत होते, आणि तो ते ओठ वाचत होता.

टक्.